हळदीच्या रंगाचे दिवे

उभ्या रत्नागिरीत अंधाराला पाय टाकायला जागा नाही असं एकच घर आहे, आणि ते आमच्या मामेसासऱ्यांचं आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आयुष्यभर बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन घरी आले, पण दिव्यांशी मांडलेला संसार काही त्यांनी मोडला नाही, फक्त दिवे बारीक झाले. बोटीवरचे दांडगे दिवे गेले आणि त्यांच्या जागी तुरीच्या दाण्याएवढे एलईडी आले. घरात जी वस्तू हलते, भरते, उघडते किंवा तापते तिला मामांनी एकेक दिवा लावलेला आहे. पंप चालू असला की हिरवा, टाकी भरली की पिवळा, फाटक उघडं राहिलं की लाल. आंब्याच्या अढीत पेंढ्याखालीसुद्धा एक दिवा आहे, म्हणजे पेंढा न विस्कटता कुठला आंबा पिकला ते बघता येतं. न्हाणीघरात कोणी शिरलं की बाहेर ओटीवर लाल दिवा पेटतो, आणि तो विझेपर्यंत ओटीवरची पाहुणेमंडळी हवापाण्याच्या गप्पा मारत एकमेकांकडे बघायचं टाळतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी राहायला गेलो तेव्हा मी आंघोळ किती घाईत उरकली ते माझं मला माहीत.

त्या लग्नाचंही जरा कठीणच होतं. मुलगा बघायला म्हणून मामा आमच्याकडे आले. पगार, शिक्षण, पत्रिका यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. चहा संपवला, खिशातून घड्याळात घालतात तसला चपटा सेल काढून बोटांत फिरवला आणि म्हणाले, "रंग कुठला आवडतो तुम्हांला?" मी भाबडेपणाने निळा म्हणालो. मामांचा चेहराच पडला. घरी जाऊन त्यांनी बहिणीला सांगितलं म्हणे, "मुलगा बरा आहे, पण निळा म्हणतो. जरा विचार कर हो." निळ्याशी त्यांचं उभं वैर. त्यांच्या लेखी प्रत्येक रंगाला स्वतःचा स्वभाव असतो, आणि तो ते सोयरिकीच्या मुलीबद्दल बोलावं तशा आवाजात सांगतात. "लाल बिचारा गरीब, दोन व्होल्टात खूश. आणि हा तुमचा निळा म्हणजे मुंबईचा पाहुणा. तीन व्होल्ट पुढ्यात ठेवल्याशिवाय डोळे उघडायचा नाही, आणि एकदा उघडलेन की दुसऱ्याला मिटू द्यायचा नाही!" लग्न झालं ते माझ्या सासूबाईंनी भावाचं ऐकलं नाही म्हणून.

दिवे निवडण्याची मामांची रीत बाजारपेठेत प्रसिद्ध आहे. म्हणजे दुकानदार त्यांना लांबून येताना बघून आत जाऊन बसतो, इतपत प्रसिद्ध. रंगीत टोपीचे दिवे मिळतात, लाल टोपीचा लाल आणि हिरव्या टोपीचा हिरवा, पण त्यांना मामा हात लावत नाहीत. टोपीवरून माणूस ओळखणाऱ्यांनी ते घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. ते घेतात पाणीदार. हे न पेटवता बघितले तर सगळे सारखेच, काचेच्या थेंबासारखे. लाल कोण, पिवळा कोण, ते सेलाला त्याचे दोन तारेचे पाय टेकवून पेटवल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून दुकानदार प्रत्येक पुडीवर रंगाचं नाव लिहून देतो. मामा दुकानाच्या पायरीवरच पुड्या फोडतात, चिठ्ठ्या टाकून देतात आणि सगळे दिवे एका डब्यात ओततात. "चिठ्ठीवर कुठे रंग असतो? रंग डोळ्यांत असतो," असं म्हणत डबा खुळखुळवत घरी येतात, आणि पुढे आठवडाभर झोपाळ्यावर बसून एकेक दिवा सेलाला लावून बघतात. कोणी मदत करू का म्हणालं तर डबा मांडीखाली सरकवतात. रंग निवडणं हे काम त्यांनी आजवर दुसऱ्या कोणावर सोपवलेलं नव्हतं.

मामांचा सगळा जीव पिवळ्यात. तोही साधासुधा पिवळा नव्हे, हळदीचा. लिंबाचा चालत नाही, केशराचा तर नाहीच. एकदा तो नक्की करायला ते मला स्कूटरवर मागे बसवून आरे-वारेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. सूर्य पाण्यावर टेकायला आला होता. मामांनी एक डोळा मिटला, हात लांब करून पेटलेला दिवा सूर्याच्या शेजारी धरला आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. कोल्हापूरकडचे कोणी पर्यटक होते, त्यांतला एक जण अदबीने जवळ आला. "काका, कुणाला सिग्नल द्यायलायसा?" मामा म्हणाले, "छे हो. तपासतोय. आज जरा लालसर आहे." म्हणजे सूर्य. परत येताना वाटभर ते खुशीत होते आणि मी मात्र मागच्या सीटवर मान खाली घालून बसलो होतो.

तो हळदीचा दिवा त्यांनी मग देवघरात लावला, स्वयंपाकाच्या ओट्यावर लावला, जेवणाच्या टेबलावर लावला. जुना झाला की बदलायचे, बदलताना पुन्हा डबाभर दिव्यांतून निवडायचे. गेली काही वर्षं मात्र आम्हां पाहुण्यांना एक गोष्ट कळत नव्हती. हा हळदीचा दिवा दर खेपेला पांढरा होत चालला होता. अलीकडे तर त्या टेबलाशी बसलं की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटायचं. त्या उजेडात सोलकढी औषधासारखी दिसे आणि वरण राखेसारखं. मामा मात्र वर बघून म्हणत, "काय उजेड पडलाय! हळद, नुसती हळद." आम्ही माना डोलवायचो. रंगाच्या बाबतीत मामांपुढे बोलणारे आम्ही कोण? आणि मामी मुकाट्याने भात वाढत.

मग एके दिवशी मामींचा फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जाल? हे मासे आणायला गेलेत तोवर." मी शाळेत इतिहास शिकवतो. मामींना माझ्याकडून तातडीचं काय हवं असेल ते कळेना, पण गेलो. मामांचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढच्या आठवड्यात काढायचा होता. मामा त्याबद्दल फ्यूज बदलायचा असल्यासारखे बोलत होते. घाबरल्या होत्या त्या मामी.

"मोतीबिंदू आज नाही झालेला," त्या म्हणाल्या. "किती वर्षं पिकतोय. सगळं पिवळं दिसतं त्यांना. पांढऱ्याफटक दिव्याला हळदीचा म्हणतात, आणि मी ऐकून घेते. आता डोळा चांगला होऊन घरात आले की काय बघतील? डबा उचलून माळ्यावर टाकतील, आणि परत म्हणून हात लावायचे नाहीत. ओळखते ना मी त्यांना. मग दिवसभर करतील काय हो?"

मामींचे डोळे भरून आले होते. चिठ्ठ्या फेकून देणाऱ्या त्या माणसाजवळ स्वतःच्या नजरेशिवाय काहीच नव्हतं. तीच त्याला फसवत होती, हे त्याला एकट्याने आपल्या दारात उभं राहून कळणार होतं. डबा घेऊन बसायचा तो झोपाळा रिकामा झाला तर त्या घराचं काय होईल, ते मला बघवलं नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी माझी बायको मामांना घेऊन दवाखान्यात गेली. मामी देवाजवळ निरांजन लावून बसते म्हणून घरी राहिल्या, आणि मी शाळेतून रजा घेऊन आलो. खरे पिवळे दिवे मामींनी डब्यातून आधीच शोधून वाटीत काढून ठेवले होते. मी फक्त शिडीवर चढून जुने काढायचे आणि हे बसवायचे. एलईडीचा लांब पाय धनाचा, म्हणजे प्लसचा, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ होतं. पण हे पिवळे मामांनी कधीतरी वापरून काढलेले, त्यांचे पाय कापून सारखे केलेले. निम्मे उलटे बसले आणि पेटेनात. मामी खालून सांगायच्या, "फिरवा, फिरवा," की मी तो काढून फिरवून लावायचो. जावयाला शिडीवर उभं करून पाणीही विचारलं नाही, हे मामींना सगळं झाल्यावर आठवलं. पण देवघर मात्र खरंच हळदीसारखं दिसू लागलं होतं.

दुपारी मामा आले, उजव्या डोळ्यावर पट्टी. ओटीवरून आत पाऊल टाकलं आणि उघड्या डाव्या डोळ्याने वर बघून जागीच थांबले. "हे केशरी कोणी केलंन?"

आम्ही दोघंही शहाणे! ऑपरेशन एकाच डोळ्याचं होतं. दुसऱ्यातला मोतीबिंदू तसाच होता, आणि त्यातून खरी हळद केशर दिसत होती. "डोळ्यात औषध घातलंय ना, त्याने दिसत असेल," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मी मामा-मामींना दवाखान्यातून गाडीने घरी आणलं. मामांनी फाटकापाशी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर हात फिरवला, मग मामींकडे बघितलं. "हे तुझं पातळ निळं आहे?"

"घेतलंत तेव्हापासून निळंच आहे."

आत गेल्यावर ते देवघरासमोर उभे राहिले. तळव्याने एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, पुन्हा पहिला. मी काढलेल्या दिव्यांची वाटी टेबलावरच राहिली होती. मामांनी त्यातला एक घेऊन सेलाला लावला आणि नव्या डोळ्याने बराच वेळ बघितला. मग खुर्चीवर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला दिसत होतं?" त्यांनी मामींना विचारलं.

"होय."

"मग बोलली का नाहीस गो इतकी वर्षं?"

मामी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय बोलू? दिवा लावला की माणूस दिव्याकडे बघतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. मी छान म्हणायची."

मामा उठले, झोपाळ्याखालून डबा आणला आणि मामींच्या पुढ्यात ठेवला. वर सेल ठेवला. "आता तू काढ."

मामींनी सेल उचलून दिव्याच्या दोन पायांत असा सफाईने धरला, की मामा बघतच राहिले. "हे कुठे शिकलीस?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा," मामी म्हणाल्या, आणि काम चालू ठेवलं. देवघराचा पिवळा राहू द्यायचा ठरला, टेबलावरचाही. ओट्यावरच्यासाठी मात्र त्यांनी शोधून शोधून एक दिवा काढला तो पांढरा, अगदी दवाखान्यासारखा.

"हा? चुकलीस," मामा म्हणाले.

"नाही. इथे हाच हवा. तांदळातला खडा दिसतो." आणि थोडं थांबून, "सवयही झालीय आता."

मामा स्वतः शिडीवर चढले. डॉक्टरांनी वाकू नका, चढू नका म्हणून बजावलं होतं, पण मी आडवा गेलो नाही, खाली शिडी धरून उभा राहिलो. ओट्यावर तो पांढराशुभ्र उजेड पडला. मामांनी वर बघितलंच नाही. मान वळवून ते मामींच्या तोंडाकडे बघत राहिले, एक डोळा नवा, एक जुना. "छान झालाय," मामी म्हणाल्या. तो खरंच छान वाटला होता की नाही ते मला कळलं नाही, आणि मामांनीही विचारलं नाही.