लाल बटण मी तीनदा दाबलं

माझं शिक्षण चौथी. पस्तीस वर्षं कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. स्मशानाच्या कडंला जॅक लावून एकट्यानं टायर बदललेत, पण कुणी दिसलं नाही की कुणी हाक मारली नाही. भुताखेताचं कुणी सांगायला लागला की मी तोंडावर म्हणायचो, "गप रं, झोप झाली नसंल तुझी." तुमच्या सदरातले अनुभव सून वाचून दाखवायची तवासुद्धा मी हसायचो. त्यामुळं तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही.

आमचं गाव पलूसपासून चार किलोमीटरवर. माझ्या पुण्याच्या पोरानं मला बॅटरीवरची चारचाकी गाडी घेऊन दिली. आवाजच नाही… पहिले आठ दिवस मला ती बंद पडल्यासारखीच वाटायची. मग हात बसला. पोरगा सारखा सांगायचा, "आण्णा, दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर पण आपली गाडी चार्ज होती. फक्त त्यांचं अ‍ॅप फोनमधी लागतं. एकदा टाकून ठेवा." मी म्हणायचो, "आपली गाडी, आपलं मशीन. दुसऱ्याच्या गव्हाणीला आपला बैल बांधायचा नसतो." घरी चार्ज व्हायची, कराडला आमच्या गाडीच्या कंपनीचं मशीन होतं. कधी अडलं नाही.

माघातला रविवार होता. आदल्या दिवशी मी कोल्हापूरला जाऊन आलो होतो आणि रात्री गावची लाइट गेली ती दुपारपर्यंत आलीच नव्हती. गाडीत चार्जिंग बावीस टक्के. दोन वाजता वडूजवरनं भाच्याचा, सुभाषचा फोन आला. "मामा, आईचं काय खरं न्हाई. सारखी 'दादा आला का' म्हनतीया. निगा लगेच."

त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण शालन.

मंडळी म्हणाली, "आवं, यष्टीनं जावा. न्हाईतर कुणाच्यातरी मोटारसायकलवर बसा."

"भनीच्या दारात मी दुसऱ्याच्या मागं बसून जाऊ व्हय?" मी किल्ली उचलली.

विट्याला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि काट्यावर नऊ टक्के. तिथनं वडूज अजून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. कराडला वळलो तर उलटं जाणं, तेवढंही चार्जिंग नाही. रस्त्याकडंला दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांचं शोरूम होतं, त्याच्या आवारात त्यांचं मोठं मशीन. नाइलाजानं आत घातली. रविवारमुळं शोरूम बंद. नुसता वॉचमन, मिलिटरीतनं रिटायर झालेला. सगळे त्याला मेजर म्हणतात असं त्यानंच सांगितलं.

मशिनची नळी गाडीला खोचली. पोराला फोन केला. त्यानं अ‍ॅप कसं उतरवायचं ते सांगितलं, पण नंबर घातला की जो ओटीपी यायचा तो येईना.

मेजर म्हणाला, "आप्पा, माझ्या फोनवर हाय की अ‍ॅप. मी लावतो, तुमी निगा. पैशाचं बघू मागनं."

"मी कुणाचं घेत न्हाई. माझ्या नावानंच घेणार."

"आवं, बहीण आजारी हाय म्हनताय, आन् नाव कसलं बघताय?"

"तुमी गेटाकडं बघा."

"बरं बाबा. बसा सासरवाडीला आल्यागत," असं म्हणून तो त्याच्या खुर्चीकडं गेला.

मी मशिनशेजारी फोन धरून उभा. आणि मशिनमधनं टक् असा आवाज झाला. पंखा फिरायला लागला. गाडीत बघतो तर नऊचे दहा, दहाचे अकरा… चार्जिंग चालू! मला वाटलं, मेजरनं तिकडनं फोनवरनं लावलं. डोकंच फिरलं माझं. मशिनवर मोठं लाल बटण असतं, धोका वाटला तर दाबायचं. ते दाबलं. बंद झालं.

"मेजर! सांगितलं न्हवतं का तुमाला?"

"काय झालं?"

"माझ्या माघारी दान करू नगा."

"आयला, मी फोन खिशातनं काढला असंल तर शप्पत!" त्यानं येऊन बटण पिळून मोकळं केलं आणि पुटपुटत गेला, "म्हाताऱ्याला ऊन लागलं."

दहा-पंधरा मिनिटं गेली. ओटीपी नाही. पुन्हा टक्. पुन्हा पंखा. पाच मिनिटं मी बघत राहिलो, टक्के सोळावर गेले. मनात म्हटलं, हा इसम आपली गंमत करतोय. पुन्हा बटण दाबलं. या वेळेला जरा भांडणच झालं. मेजरनं बटण मोकळं केलं आणि फोन काढून माझ्या हातात दिला. "घ्या, ठेवा तुमच्याकडं. म्हंजी इषयच मिटला." आणि समोरच्या टपरीवरनं दोन चहा घेऊन आला.

आता पुढचं नीट ऐका.

त्याचा फोन माझ्या खिशात. तो माझ्यासमोर उभा, दोन्ही हातांत चहाचे कप. आवारात तिसरं माणूस नाही. आणि मशीन टक् करून चालू झालं.

मेजर मशिनकडं बघतोय, मी मेजरकडं. त्यानं कप खाली ठेवले. हळू आवाजात म्हणाला, "आप्पा… असू द्या. होऊ द्या भरून. कोन देतंय तर घ्या."

मी सात-आठ मिनिटं उभा राहिलो. टक्के एकवीस, बावीस.  पण आतनं एकच येत होतं… मी मागितलेलं नाही, मी का घ्यायचं? चोवीस झाले आणि मी बटण दाबलं. मेजर लावत नाही हे कळून दाबलं.

त्यानंतर ओटीपी आला. माझ्या नावानं अ‍ॅप सुरू झालं. बटण मोकळं केलं, मशीन निवडलं, तर अ‍ॅप म्हणे हे मशीन उपलब्ध नाही. मेजरनं आपला फोन परत घेतला आणि त्यांच्या मदतीच्या नंबरला लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "काका, ते मशीन कालपासून बंद आहे. मेन स्विच पाडून ठेवलाय, दुरुस्तीचा माणूस उद्या येणार." मेजर मागच्या खोलीत जाऊन बघून आला. स्विच पडलेलाच होता. त्याच्या तोंडावरचा रंग मला अजून आठवतो.

पाच वाजत आले होते. चोवीस टक्क्यांवर एसी बंद करून, हळू हळू मायणीवरनं वडूजला गेलो. सव्वासहा वाजले. अंगणात बायका बसलेल्या बघितल्या आणि कळलं. शालन पावणेसहाला गेली होती.

आता एक सांगावं लागतं. आमचे वडील ती सहा वर्षांची असताना वारले. तिला मी सांभाळली, तिचं कन्यादान मी केलं. आमच्याकडं जुनी माणसं दिल्या लेकीच्या घरचं पाणीही पीत नव्हती. बापाच्या जागी मी, म्हणून मी ते धरलं. चाळीस वर्षांत तिच्या घरी घास खाल्ला नाही. ती दर खेपेला ताट वाढायची, मी ताटाला हात लावून "पावलं" म्हणून पुढं सारायचो. लोकांनी सोडले ते रीतरिवाज, मी सोडले नाहीत. मला त्याचा अभिमान होता.

सुभाष माझ्याजवळ बसून म्हणाला, "मामा, शेवटाला आई बरळत हुती. पावणेचारला औषध द्यायला गेलो तर उठून बसली. म्हनली, 'दादाला वाढलंय रं.' आन् लगेच रडाय लागली, 'सारलं बग ताट.' परत थोड्या येळानं तसंच. तिसऱ्यांदा म्हनली, 'आता तरी खाशील…' मग गप झाली, ती परत बोललीच न्हाई."

मी विचारलं, "तिसऱ्यांदा कवा?"

"साडेचार झालं असतील. का वो?"

मी मनात बटण दाबल्याच्या वेळा लावून बघत होतो.

पोरगा म्हणतो, आण्णा, वायरीत उरलेला करंट असंल. एवढा उरतो का, ते त्यालाही सांगता येत नाही. गाडीत पंधरा टक्के वाढले, हे मी आणि मेजरनं डोळ्यांनी बघितलं. दोघांच्याही अ‍ॅपमध्ये त्याची नोंद नाही. मेजरनं ती नोकरी सोडली असं नंतर कळलं. मला आजही यातलं काही उलगडत नाही, आणि कुणी उलगडून सांगंल असंही वाटत नाही.

वडूजला मात्र सगळ्यांना एकच माहीत आहे. सुभाष येईल-जाईल त्याला सांगतो, "मामा वेळेवर निघालं हुतं, मशिननं दगा दिला." मी तिथंच बसलेलो असतो. मान हलवतो.

मशिननं दगा दिला नव्हता. तीनदा चालू झालं होतं. त्याला हे तोंडानं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.