कोळशाच्या गावातला पांढरा ओटा

रेहानाची आणि माझी शेवटची भेट माझ्याच स्वयंपाकघरात झाली. वाटी परत द्यायला म्हणून ती आली होती. बस म्हटलं तर बसली नाही. माझ्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरून तिनं एक बोट फिरवलं, ते खिडकीशी उजेडात धरून पाहिलं आणि ओढणीला पुसलं. मला ते चांगलंच झोंबलं. मी म्हटलं, ‘‘रेहाना, हे माझं घर आहे, तुझं नाई.’’ ती हसत हसत निघून गेली. त्याच आठवड्यात पहाटे तिच्या सुनेचा, फरहीनचा फोन आला. अम्मी झोपेतच गेल्या होत्या... त्या दिवसांत मी खूप रडले. आता तिचं नाव निघालं की आधी हसूच येतं, आणि तिला तेच आवडलं असतं.

आम्ही माजरीत शेजारी राहायला आलो तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सलीमभाऊंनी, घर नुकतंच बांधायला काढलं होतं. त्यांचं कूलर बनवण्याचं दुकान. आमच्याकडे खाणीची धूळ कुणाला चुकली नाही. सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी करडा होऊन घरात येतो. अशा गावात शहाणी बाई ओट्यासाठी काळा दगडच निवडते. रेहानानं पांढरा संगमरवर आणला. गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. वर्षभरात हा काळा पडणार यावर सगळ्यांचं एकमत झालं, त्यात मीही होते. सलीमभाऊंनी डोक्याला हात लावला. तिनं त्यांना शब्द दिला, काळा पडला तर मी स्वतः फोडायला लावीन आणि तुम्ही म्हणाल तो दगड बसवीन. मी तिला समजवायला गेले तर मला म्हणाली, ‘‘काल्या दगडावर धूळ दिसत नाई, पण राहते ना बाई. जेवणात जाते. मले ते दिसली पाहिजे.’’

झालं. तेव्हापासून तिचा आणि त्या धुळीचा उभा दावा सुरू झाला. धूळ बसलेल्या दगडावर एकदम पाणी टाकलं की चिखल होतो आणि चरे पडतात, म्हणून आधी कोरडं फडकं, मग साबणाच्या पाण्याचं, मग पुन्हा कोरडं. लिंबू चिरायचं ते ताटलीत. अंबाडीची भाजी निवडायची ती सुपात, कारण आंबट लागलं की संगमरवराची चमक जाते. फरशीचं ॲसिड तर घरातच येऊ द्यायचं नाही. पाहुण्यानं चहाचा कप ठेवला की कप उचलण्याआधीच हिचं फडकं तयार. मी चिडवायची, अगं, पाहुणा अजून पिऊन राह्यला आहे. तिला काही फरक पडत नसे. आमचं म्हणालात तर आम्ही बायका एकेक वर्ष मोजत बसलो आणि ओटा आपला पांढराच.

खरा घात झाला तो तिच्या मुलीच्या, नाझियाच्या हळदीला. घर पाहुण्यांनी भरलेलं. हळद कालवायला परात सापडेना, तेव्हा बायकांनी घरातली सगळ्यात स्वच्छ जागा निवडली. तेल घालून हळद सरळ ओट्यावर कालवली! गाणी, हसणं, फोटो... त्या गडबडीत ओटा तसाच राहिला. सकाळी पाहतो तर गॅसपासून खिडकीपर्यंत पिवळाजर्द. पोंभुर्ण्याहून आलेली तिची नणंद चिरलेलं लिंबू घेऊन धावली. रेहानानं तिचं मनगट धरलं. ‘‘निंबू नोका लावू बाई, दगडाले खाऊन टाकते.’’ आवाज शांत होता, पण डोळे भरले होते. मुलीच्या पाठवणीआधी ती रडली ती त्या ओट्यापुढे. मला तेव्हा हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं.

खायच्या सोड्याचा लेप लावून झाला. पिवळेपणा उतरला, गेला नाही. मग तिच्या डोक्यात आलं की कपड्यावरची हळद उन्हानं उडते. पण ओटा काही अंगणात नेता येत नाही. म्हणून तिनं कपाटाचा आरसा काढायला लावला, सलीमभाऊंनी तो अंगणात कूलरच्या स्टँडवर बसवला आणि खिडकीतून ऊन आत ओट्यावर पाडलं. ऊन सरकलं की आरसा फिरवायचा. ज्याला वेळ असेल त्यानं फिरवायचा. लग्नघरात येणारे जाणारे विचारत, हे काय चाललंय? सलीमभाऊ म्हणाले, ‘‘दुकान बंद ठेवून मी सूर्य फिरवून राह्यलो.’’ नाझिया पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा डाग उडाला होता. त्या दिवशी रेहानानं गल्लीतल्या प्रत्येक बाईला चहाला बोलावलं आणि चहा मुद्दाम स्वयंपाकघरात दिला.

आणि आता ती नाही. फरहीन शाळेत शिकवते, सकाळी निघते ती दुपारी येते. एवढं पुसणं तिला कसं जमणार? चाळिसावा दिवस झाल्यावर काळा ग्रॅनाइट बसवायचं घरात ठरत आलं. सलीमभाऊ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला बोलायचा हक्क नव्हता, पण जीव तुटत होता. माप घ्यायला माणूस आला त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून तिथे गेलेच.

त्यानं दगडावरून हात फिरवला आणि म्हणाला, असा दगड फोडू नका. गॅससमोर तेवढी चमक गेली आहे, मशीननं घासून देतो, नवा होईल. आम्ही वाकून पाहिलं. खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसलं, गॅससमोरून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत ओट्याची चमक उतरली होती, अर्धगोल. एका जागी उभं राहून हात जिथवर पोचतो, तिथवर. त्यापलीकडे दगड झळझळत होता. इतकी वर्षं मी तो ओटा पाहिला, हे कधी दिसलं नव्हतं. सलीमभाऊ दारातच थांबले होते. मग फरहीन त्या माणसाला म्हणाली, ‘‘भाऊ, फोडायचा नाई. आणि घासूही नोका.’’

‘‘तेवढंच तर खराब आहे ताई.’’

‘‘राहू द्या. तिथं अम्मी उभ्या राहत होत्या.’’

तो माणूस टेप गुंडाळून गेला. फरहीननं फडकं घेतलं आणि गॅससमोर उभी राहून पुसायला लागली. तिचा हात खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. रेहाना चांगली उंच होती. फरहीन थोडी थांबली, मग तिनं टाचा उचलल्या.