मागची भिंत

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बेंबळीजवळच्या एका खेड्यात मी सातवीला शिकवत होते. मुलं तरटाच्या पट्ट्यांवर दाटीवाटीनं बसायची. त्यात एक मुलगी अशी होती, की तिला बसवतच नसे. चार ओळी लिहून होईस्तोवर गुडघा हलायला लागायचा, मग बोटं वाजायची, मग ती उठून थेट दारात. फळ्यावरचं गणित वहीत अर्धंच. रागावलं की डोळे भरून यायचे, पण पाय थांबायचे नाहीत. आज अशा मुलांसाठी नाव आहे, सवलती आहेत. तेव्हा आम्हाला एकच शब्द ठाऊक होता, वांड.

हेडमास्तरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरून तशीच आली, हातापायांना माती.

"पोरीला घरी ठेवा," हेडमास्तर म्हणाले. "तिच्यामुळं वर्गाचं नुकसान होतंय."

"गुरुजी, ती मस्ती करत न्हाय. घरी बी तसंच हाय, जेवता जेवता उठती. पण मला धडा वाचून दाखवती तवा चुलीपासनं दारापतुर फिरत वाचती, अन् मग कुठं अडत न्हाय. तिला काढू नका. फिरू द्या."

"एकीला फिरू दिलं तर उद्या सगळा वर्ग फिरेल."

"मग पोरांनाच इचारा की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या परवानगीनं मी वर्गाला खरंच विचारलं, हिला फिरू द्यायचं का. मुलगी मान खाली घालून उभी होती. पुढची एक पोरगी म्हणाली, "बाई, तिला मागची भिंत द्या. आमी पुढं सरकतो." मी हो म्हणायच्या आतच तरटं ओढली गेली. गुडघ्याला गुडघा लावून सगळी पुढं सरकली आणि मागं भिंतीलगत जमिनीची एक रिकामी पट्टी उरली.

त्या पट्टीवर ती वर्षभर फिरली. खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहायची, पुन्हा फिरायची. बाकीचं एकही मूल उठलं नाही. तिची ओळ चुकली की मागच्या रांगेतलं कुणीतरी मान न वळवता हळूच सांगायचं, "तिसरं गणित." हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. शिकवता शिकवता मी मध्येच थांबायचे. त्या शांत वर्गात तिच्या अनवाणी पावलांचा आवाज ऐकताना अंगावर काटा यायचा. एवढी समज या लेकरांत कुठून आली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

हेडमास्तर कधीमधी दारात उभे राहून बघायचे आणि निघून जायचे. सातवीची परीक्षा तेव्हा बेंबळीच्या केंद्रावर व्हायची. ती जवळ आली तेव्हा तेच म्हणाले, "बाई, केंद्रावर जाऊन बोलावं लागेल." आम्ही एसटीनं बेंबळीला गेलो. केंद्रप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं.

"उभ्यानं लिहायचं नियमात नाही," ते म्हणाले.

"बसूनच लिहावं, असं तरी कुठं आहे?" आमचे हेडमास्तर म्हणाले.

केंद्रप्रमुख हसले. शेवटच्या खोलीतली खिडकीजवळची जागा मिळाली. वेळ मात्र सगळ्यांएवढाच.

परीक्षेला दुसऱ्या गावांची मुलं तिच्याकडं वळून वळून बघत होती, असं नंतर कळलं. आमच्या मुलांनी मान वर केली नाही. ती शेवटच्या घंटेपर्यंत खिडकीशी उभी होती. बाहेर आली तेव्हा बोटं शाईनं भरलेली आणि चेहरा घामानं निथळत होता. "समदं लिवलं, बाई," एवढंच म्हणाली.

ती पास झाली. पुढं उस्मानाबादच्या हायस्कुलात नाव घालायचं ठरलं. निरोप घ्यायला मायलेकी आल्या तेव्हा आईला काळजी लागली होती. "तिथल्या मास्तरांस्नी कोण सांगंल, बाई? तुम्ही येता का?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी दारापाशी फेरी मारता मारता म्हणाली, "म्या सांगते की."