बेलवलीचा मूकपट

आमचा सिनेमा जेमतेम वीस मिनिटांचा, पण त्याचे किस्से जन्मभर पुरतील! बेलवलीच्या आमच्या सोसायटीत चार जण जमले की कुणीतरी "तो घोडा आठवतो का?" म्हणतं आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

मूकपटाची कल्पना मोकाशीकाकांची. काका अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. काकूंना गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून त्या बरोबर उत्तर देतात, पण घोळक्यात बसणं त्यांनी सोडलं होतं. "सारखं 'काय म्हणाला, काय म्हणाला' किती विचारायचं? लोक कंटाळतात," म्हणायच्या. काकांना ते फार लागायचं. म्हणून त्यांनी ठरवलं, कुणालाच काही ऐकू येणार नाही असा सिनेमा काढायचा, आणि तो काकूंनी हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसून बघायचा. विषय ऐतिहासिक, नाव 'गड राखला' आणि कॅमेरा म्हणजे माझ्या नवऱ्याचा मोबाईल!

काका सरदार झाले. खालच्या मजल्यावरचा प्रसाद त्यांचा शूर मावळा. शत्रूचा किल्लेदार व्हायला मात्र एकही पुरुष तयार होईना. काका म्हणाले, "पूर्वी सिनेमात पुरुष साडी नेसून नायिका व्हायचे. उज्ज्वला, तू मिशी लाव. फिट्टंफाट!"

मिशी लावून नवऱ्यासमोर उभी राहिले, तर तो मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "डिट्टो तुझे बाबा! मला नमस्कार करावासा वाटतोय."

*

कपडे आणायला उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या मार्केटात गेलो. दुकानदार सिंधी. मावळ्यांचे अंगरखे मागितले, तर त्याने शेरवान्यांचा ढीग टाकला. "अंगरखा नहीं है साईं, यही ले जाओ. दूल्हा भी तो सरदार होता है, एक दिन का!"

काकांना हे एकदम पटलं. बारवी धरणाकडच्या माळावर आमची चमचमती फौज उतरली. भाताच्या शेतातल्या एक मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"सगलेच नवरे! नवरी कुठं हाय?"

*

घोडाही वरातीतलाच मिळाला. काका स्वार झाले, प्रसादने आरोळी ठोकली, घोडा चार पावलं चालला आणि थांबला. टाच मारली, चुचकारलं, तरी ढिम्म!

घोडेवाला म्हणाला, "सायेब, सवय हाय त्याला. म्होरं कुनी नाचल्याबिगर तो पाय उचलत नाय."

मग काय! कॅमेऱ्यामागे दोन्ही फौजा टाळ्या पिटत नाचायला लागल्या आणि सरदार गडावर चालून गेले. पडद्यावर घोड्याची चाल फारच रुबाबदार दिसते. मी मिशी सावरत केलेला नागीण डान्स मात्र कुठेच दिसत नाही.

*

दर शॉटच्या आधी काका "सायलेन्स!" म्हणून ओरडायचे. शेवटी त्याच मावशींनी विचारलं, "मुका पिच्चर हाय ना तुमचा? मंग आमाला कशाला गप बसवताव?"

काकांनी त्यानंतर सायलेन्स म्हणणं सोडलं. डायलॉगचं तर त्यांनी आधीच सांगितलं होतं, "पाठांतर नको. नुसते ओठ हलवा, बाकी पाट्या सांगतील."

त्यामुळे आम्ही वाट्टेल ते बोलायचो. प्रसादने माझ्या छातीला तलवार लावली, डोळे गरागरा फिरवले आणि म्हणाला, "उज्ज्वलाताई, उद्या पाणी येणार नाहीये. टाकी भरून ठेवा!"

मी दात-ओठ खात म्हणाले, "मेल्या, सकाळी सांगायचं ना!"

*

मग सरदारांच्या मरणाचा सीन. काकांना शुगर आहे आणि घरात काकूंनी गोडावर कडक बंदी घातलीय. त्या दिवशी नेमकी युनिटसाठी कॅम्प दोनची जिलेबी आली. काका प्रत्येक टेकच्या आधी एक उचलायचे, त्यामुळे रीटेक काही संपेनात!

शेवटच्या टेकला नवऱ्याने क्लोजअप लावला. प्रसादच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळ्यांत पाणी आणून काका म्हणाले, "उरलेली जिलेबी संपवू नकोस रे. आणि हिला कळता कामा नये!"

एवढं बोलून मान टाकली. इतकं सुंदर मरण मी पाहिलं नाही. पाटी घातली, 'गड राखा!'

*

सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. काका सगळ्यात मागे दाराजवळ बसले, काकू पहिल्या रांगेत. माझी आणि प्रसादची लढाई सुरू झाली, हॉल गंभीर झाला आणि काकू एकट्याच खो-खो हसायला लागल्या.

"काय झालं, काकू?"

"अहो, तो टाकी भरायला सांगतोय! आणि ही त्याला मेल्या म्हणतेय!"

सिनेमा काकूंसाठी काढला आणि काकू ओठ वाचतात हेच आम्ही सगळे, काकांसकट, विसरलो होतो! मग काय विचारता! लोक खुर्च्या ओढून काकूंभोवती बसले. पाट्या कुणी वाचेना. "काकू, आता काय म्हणाला?" चहूकडून तेच. काकू खणखणीत आवाजात सांगत होत्या आणि हॉल हसून लोळत होता. मागे काका रुमालाने डोळे पुसत होते. मलाही भरून आलं.

तेवढ्यात पडद्यावर सरदारांनी प्रसादच्या मांडीवर डोकं टेकवलं. क्लोजअप आला. ओठ हलले.

"काकू, काका काय म्हणाले?"

काकू हसल्या नाहीत. सावकाश मागे वळल्या.

"जिलेबी?"

मागच्या रांगेत सरदारांची खुर्ची रिकामी होती.