‘येतो’ म्हणून गेलेले गृहस्थ

एक बूट पायात आणि दुसरा हातात, अशा अवस्थेत ते दारात उभे राहत आणि म्हणत, "बराय, येतो हं." त्यानंतर पाऊण तास ते जात नसत. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावातील ज्या ज्या मराठी घरांत त्यांचे जाणेयेणे होते, तेथील प्रत्येकाने हा प्रसंग सोसलेला आहे. त्यांच्या स्मृतिसभेत मात्र त्याचा उल्लेख कोणी केला नाही. चर्चच्या त्या सभागृहात भलत्याच कोणा महापुरुषाचे वर्णन चालले होते.

पास्टर म्हणाले की, लेसोथोच्या डोंगरांतून त्यांना प्रभूची हाक आली आणि त्या हाकेला ओ देत हा भक्त अकरा वेळा तेथे सेवेस गेला. मराठी मंडळाचा एक उत्साही कार्यकर्ता उठून म्हणाला, "काकांनी तिथे स्कूल बिल्ड केलं, लिटरली स्वतःच्या हातांनी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला माहिती लागत नाही.

मी या गृहस्थांच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षे काम केले आणि दोनदा त्यांच्याबरोबर लेसोथोला गेलो. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात वसलेला तो डोंगराळ देश. तेथील एका खेड्यात पाण्याच्या टाकीचा पाया तपासण्यासाठी मला नेले होते. प्रार्थनेशी माझा संबंध नाही. तेव्हा बोलण्याचा अधिकार मला आहे, आणि मी सांगतो की शाळा गावकऱ्यांनी बांधली. यांनी केले ते चर्चचे चार बाक. त्या बाकांवर बसणाऱ्याला परमेश्वराचे स्मरण आपोआप होई, कारण चारांपैकी एक पाय नेहमी अधांतरी असे.

त्यांची सेवा म्हणजे काय होती, तेही ऐका. सकाळी ते तेच बाक पुन्हा ठोकत. दुपारी गावच्या शिक्षिकेला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन घरोघर जात, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांपाशी बसत. प्रार्थना मराठीत करीत. श्वास घ्यायला थांबले, की प्रार्थना संपली असे समजून घरची माणसे "आमेन" म्हणत. हे पुन्हा सुरू होत. एका प्रार्थनेत मी चौदा आमेन मोजले आहेत. घोड्याला ते इतके भीत, की घोडा दिसला की टेकडीला वळसा घालून जात. मक्याच्या घट्ट लापशीबरोबर नगरहून मागवलेली शेंगदाण्याची चटणी खात आणि यजमानांनाही आग्रहाने वाढत. ही तुमची हाक.

आता अकरा वेळांचे खरे कारण सांगतो. मला ते त्यांच्याच तोंडून कळले.

पहिल्या खेपेस निघण्याच्या दिवशी ते गावभर निरोप घेत फिरले. निरोप घेताना तेथे "साला हांत्ले" म्हणतात, म्हणजे नीट राहा. शिक्षिकेने ते शिकवले होते. पण हे अडून बसले.

"अहो, आईच्या वयाच्या बाईला साला कसं म्हणायचं?" असे त्यांनी मला नंतर विचारले. पुढे म्हणाले, "शिवाय आपण निघताना जातो म्हणतो का? येतो म्हणतो. म्हणून मी तिला विचारलं, आय कम कसं म्हणतात? ती म्हणाली, के आ त्ला. झालं काम."

सगळ्या दारांवर ते "के आ त्ला" म्हणाले. शेवटचे घर चढावरचे, एका एकट्या म्हातारीचे. तिने विचारले, "नेंग?" यांना वाटले, तीही निरोपच देत आहे. यांनी हसून मान डोलावली आणि विमान गाठले.

नेंग म्हणजे कधी.

चार महिन्यांनी शिक्षिकेचा निरोप आला. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ते डबा न उघडता माझ्यासमोर बसले. "म्हातारी रोज दुपारी दारात स्टूल मांडते हो. कुणाला बसू देत नाही. म्हणते, न्ताते येतो म्हणालाय." न्ताते म्हणजे बाबा, तेथे मोठ्या पुरुषाला तसेच म्हणतात. मी इतका हसलो की शेजारची टेबले वळून पाहू लागली. हे हसले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी तिकीट काढले. प्रभूने नव्हे, एका क्रियापदाने त्यांना बोलावले होते.

बरे, एकदा चूक कळल्यावर माणसाने सुधारावी. यांनी ती अकरा वेळा केली. त्यांपैकी दोनदा मी प्रत्यक्ष साक्षीला होतो. मी म्हणालो, "अहो, योग्य शब्द आता येतो ना तुम्हाला?"

"येतो की. पण तिच्यापुढे जीभच वळत नाही. जातो म्हटल्यासारखं वाटतं."

"मग नेंगचं काय उत्तर दिलंत?"

"पुढच्या वर्षी म्हटलं."

असा हा अडाणीपणा. त्यांच्या शेवटच्या आजारात मी रुग्णालयात गेलो, तेव्हा ते म्हणाले, "एक राहिलंय हो. म्हातारीला येतो म्हणून आलोय. कुणीतरी जाऊन सांगायला हवं." मी म्हणालो, "तुमच्या चुका दुरुस्त करणे हा माझा धंदा नाही." आमच्यातले ते शेवटचे वाक्य. इतरांच्या आठवणी मी दुरुस्त करतो, तेव्हा स्वतःची गोड करून सांगणार नाही.

म्हणून सभेत मी उभा राहिलो आणि विचारले, "त्या बाईला जाऊन कोण सांगणार?"

पास्टर म्हणाले, "काका, आपण मेसेज पाठवू." तो कार्यकर्ता म्हणाला, "काका, व्हिडिओ कॉल करू ना. इझी आहे."

"माणूस येतो म्हणून गेला होता," मी म्हणालो. "फोन येतो म्हणाला नव्हता."

इतका वेळ हाकेवर बोलणाऱ्यांपैकी एकही जागचा हलला नाही.

मार्चमध्ये मी गेलो. चढ पूर्वीपेक्षा उभा झाला आहे. स्टूल दारात होते, तोंड पायवाटेकडे. माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून आणि केवळ म्हणून मी त्यावर बसलो. म्हातारीने मला बसू दिले. शिक्षिकेने तिला सांगितले. ती बराच वेळ घोंगडीची कड बोटांवर गुंडाळत राहिली. मग आत जाऊन तिने लापशी आणली आणि एक बाटली माझ्यापुढे ठेवली. तळाशी बोटभर चटणी होती, काळी पडलेली. ती त्यांच्यासाठी राखलेली होती. मी खाल्ली.

निघताना काय म्हणायचे, याची मी चढाच्या पायथ्यापासून तयारी केली होती. साला हांत्ले. दोन शब्द. मी उठलो, बूट चढवू लागलो. एक पायात गेला आणि दुसरा हातात असताना तिने वर पाहिले. माझ्या तोंडून निघाले, "के आ त्ला."

"नेंग?" तिने विचारले.

परत आल्यापासून मंडळी सांगत सुटली आहेत की या वयात मलाही हाक आली. साफ खोटे आहे. पुढच्या मार्चचे तिकीट मी काढले आहे, हे खरे. माझ्याकडून व्याकरणाची चूक झाली आहे, एवढेच.