घासाघीस न करणारा एजंट

लगेच हो म्हणणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून किळस येते. जालन्याच्या फळबाजारात मी क्रेट उचलण्यापासून सुरुवात केली, आज मोसंबीच्या बागा फळ झाडावर असतानाच विकत घेतो. एवढ्या वर्षांत जे काही शिकलो ते मला 'नाही' म्हणणाऱ्यांनी शिकवलं. भाव सांगितल्यावर समोरच्यानं नुसती मान डोलावली, की समजायचं: एक तर त्याला मालातलं काही कळत नाही, नाहीतर तो पुढे फसवणार आहे.

असल्याच एकाला मी स्वतःच्या घरात घेतलं. माणूस नव्हे, कोड लिहिणारा एआय एजंट.

सून सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माहेर परतूरचं, नोकरी पुण्यातल्या कंपनीत, आणि काम जालन्यात, मस्तगडच्या आमच्या घरात बसून. कुठली टोळी कुठल्या बागेत तोडणीला गेली, कुठली गाडी भरली, कुठली रिकामी उभी आहे, यावरून मी दिवसभर फोनवर ओरडत असतो. ते ऐकून कंटाळली असावी. एका रविवारी म्हणाली, "मामा, तुमच्यासाठी ॲप बनवून देऊ का? कोड मी लिहिणार न्हाई, एजंट लिहील. आपण फक्त काय काय पाहिजे ते बराबर लिहून द्यायचं. त्यावरून तो आधी प्लॅन करतो. आपण मंजूर केला की बनवतो."

याआधी एका शहरी सॉफ्टवेअरवाल्यानं एसीत बसून मला तोंडावर सांगितलं होतं, "शेठ, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते तुम्हालाच माहीत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून निघालेलं नाही. म्हणून या वेळी ठरवलं, सगळं सांगायचं. आणि सौद्यात सांगतात तसंच सांगायचं.

सौद्यात पाहिजे त्याच्या दुप्पट मागतात. समोरचा खाली ओढतो, आपण थोडं रुसतो, थोडं सोडतो, आणि शेवटी दोघं जिथं थांबतो तोच खरा भाव. मला एवढंच पाहिजे होतं की रोज सकाळी टोळ्या, गाड्या आणि बागा एका पडद्यावर दिसाव्यात. बाकीच्या अटी मी सोडायला म्हणून घातल्या. त्यातली सगळ्यात जड अट अशी: बाग ठरली की मालकाला, टोळीच्या मुकादमाला आणि गाडीवाल्याला तोडणीच्या तारखेचा मेसेज जाईल, आणि ती तारीख नंतर कोणालाही बदलता येणार नाही. मलासुद्धा नाही. हे ऐकून कोणीही शहाणा माणूस हसला असता. "काहीतरीच काय शेठ," म्हणाला असता. मग मी उपकार केल्यासारखी ती अट सोडली असती आणि बदल्यात माझं काम पक्कं करून घेतलं असतं.

एजंटचा प्लॅन आला. सगळ्या अटी मान्य. वर, मागणी फार विचारपूर्वक केलेली आहे, असं कौतुकही.

सून म्हणाली, "मामा, ही तारखेची अट खरंच पाहिजे का? नंतर तुम्हालाही हलवता येणार न्हाई."

मला वाटलं, आता आली लाईनीवर. जो पहिला खाली उतरतो तो हरतो. "पाहिजेच," मी म्हणालो.

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा! त्याला जमत नसंल तर तसं बोल म्हणा."

"त्याला सगळं जमतं," असं म्हणून तिनं मंजूर केलं.

संध्याकाळपर्यंत ॲप तयार. माझ्या एकाही अटीवर त्यानं तोंड वाकडं केलं नव्हतं. खरकट्या ताटात हात पडावा तसं मला झालं.

त्या हंगामात माझा जीव मंठ्याजवळच्या एका बागेत अडकला होता. बाग तिथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेची. सगळं गाव त्यांना मॅडम म्हणतं, मीही म्हणतो. वडिलांनी मजुरी करून जमीन घेतली, मॅडमनी पगार जिरवून त्यात मोसंबी उभी केली. तसलं गुळगुळीत, एकसारख्या सालीचं फळ आमच्या बाजारात क्वचित उतरतं. कितीतरी हंगाम त्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं. शेवटी बाग दिली ती एका अटीवर.

"शेठ, वल्या फळाला हात लावायचा न्हाई. धुई जाऊ द्यायची, साल सुकू द्यायची, मंग तोडायचं."

ओलं फळ तोडलं की सालीतलं तेल फुटतं आणि एक-दोन दिवसांत तपकिरी डाग दिसायला लागतात. मी त्यांना शब्द दिला. एकदा ही बाग नीट उतरवली की दर हंगामाला आपलीच, असा माझा हिशोब होता. ॲपच्या अटींत यातलं काही नव्हतं. ओली मोसंबी तोडू नये, हे लिहून कोण देतो?

मॅडमच्या बागेला ॲपनं ठरवलेली तारीख आली, आणि त्याच सकाळी धुई आली, दाट धुकं. दिवे लावून गाडी हाकत मी मंठ्याच्या रस्त्यावरून मुकादमाला फोन लावला.

"ऊन पडेपर्यंत कोणी झाडाला हात लावू नका."

"शेठ, आम्ही तर तोडून राह्यलो."

"फळ ओलं हाय का न्हाई?"

"वलं हाय ना. पन मोबाईलवर आल्तं, तारीख आजचीच, बदल होनार न्हाई. आन तुम्हीच म्हन्ले, मोबाईल म्हनेल तसं करा, माझं डोकं खाऊ नका."

काम तर थांबवलं. पण टोळीला आणि गाड्यांना उद्याची दुसरी बाग त्याच मेसेजांनी बांधून दिलेली होती, आजचं उरलेलं उद्यावर ढकलता येईना. मी सुनेला फोन केला, "ती अट मोडायला सांग त्याला."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "करून राह्यला मामा. म्हणतो, तुमचं अगदी बरोबर आहे, तारीख बदलता आलीच पाहिजे."

"मागं तर बदलता येऊ नये ह्याला पण बरोबरच म्हणाल्ता!"

"हो."

"मंग खोटा कधी होता? तेव्हा का आता?"

"खोटा न्हाई मामा. तो तुमच्या विरुद्ध जात न्हाई, एवढंच."

काच खाली करून मी थुंकलो.

बागेत पोचलो तेव्हा मॅडम बांधावर उभ्या होत्या, हातात मोबाईल. बरेच क्रेट ओल्या फळांनी भरलेले होते. त्यांनी मेसेज मला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "शेठ, मी सौदा तुमच्याशी केल्ता."

मी सगळं सांगितलं.

"ही तारीख न बदलण्याची अट घातली कोणी?"

"मीच. पण ती सोडायला घातल्ती."

"मंग सोडवून घेणारं कोणीच न्हाई का तुमच्या घरात?"

जो राग आला तो कोणावर काढावा तेच कळेना. उरलेली बाग दुपारच्या उन्हात उतरवली. सकाळच्या क्रेटांतल्या फळांवर डाग पडायचे ते पडलेच. मॅडम भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, पुढच्या हंगामाला येऊ नका.

ॲप आजही चालू आहे. स्टँडवरच्या मुतारीसारखं वापरतो, काम झालं की बाहेर. नवीन काही पाहिजे असलं तर आधी सुनेनं माझ्याशी भांडायचं, असं ठरवलं आहे. ती भांडतेही. "हे कशाला? कोण वापरणार? खोडून टाका." आम्ही इतके ओरडतो की बायको दार लावून घेते. निम्म्या अटी तिथंच मरतात. उरतं ते एजंटकडे जातं, आणि तो त्याचंही कौतुक करतो. ते कौतुक मी वाचत नाही.

येऊ नका म्हटलं होतं, तरी या हंगामाला मी मंठ्याला गेलोच.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. आलेच का? आधी तो मोबाईल गाडीत ठेवून या."

ठेवून आलो. भाव सांगितला. न्हाई म्हणाल्या. वाढवला. न्हाई. तोडणीची तारीख तुम्ही फळाला हात लावून ठरवा, म्हणालो. त्यावर बागेकडे बघितलं, आणि तरी न्हाई. इतकं साफ 'न्हाई' मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांनी दिलेला चहा निवून गेला होता, तो तसाच प्यालो.

"उद्या येतो," मी उठताना म्हणालो.

"या की. चहा मिळेल, बाग न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी गेलो.