चोळीबांगडीचं रान

आमच्या गावात अर्ज लिहायचा म्हटलं की माझी आठवण निघते. चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला तीस वर्षं रजिस्टरं भरली, त्यामुळे अक्षर बरं आणि सरकारी भाषा तोंडपाठ. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. हायस्पीड रेल्वेविरोधातला गावचा अर्जही मीच लिहिला. हात तेव्हाच मोडला असता तर बरं झालं असतं.

ग्रामसभेला देवळात ही गर्दी. पहिल्या नकाशात रेल्वे गावठाणाला चिकटून चालली होती. घरं एकीकडं, शाळा दुसरीकडं, मधे उंच कुंपण. जनावरं पलीकडं न्यायची कशी, पोरींनी शाळेला किती लांबून वळसा घालायचा, मयत स्मशानात कुठून न्यायचं, जुन्या भिंती हादऱ्यानं टिकतील का, सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. आधी कंपन्यांना जमिनी गेल्या, मग रस्त्याच्या रुंदीकरणाला, आता उरलंसुरलं ह्या गाडीला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, गाडी आपल्या गावात थांबणार का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग आमी तिला नुसती बघायची व्हय? कुणी हसलं नाही.

अर्जात नुसता विरोध करून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो, हे शहाणपण मीच सगळ्यांना शिकवलं. आणि पर्याय म्हणून लिहिलं की ओढ्यापलीकडं माझाच गट आहे, सातबाऱ्यावर त्यातला बराचसा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, तिथं वस्ती नाही, तरी रेल्वे तिकडून न्यावी. स्वतःची जमीन गावासाठी पुढं केली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं वरचा खडकाळ माळ होता, जिथं कुसळांशिवाय काही येत नाही. पण गट एकच. माळाच्या पायथ्याला, त्याच गटात, माझ्या आक्काचं घर आहे. सातबाऱ्यावर ते घर नाही, म्हणून माझ्या अर्जातही आलं नाही. रोज डोळ्यांना दिसणारं घर मी कागद बघून विसरलो.

आक्का माझी थोरली बहीण. तिला नवऱ्यानं नांदवलं नाही. ती बाविसाव्या वर्षी परत आली तेव्हा वडिलांनी ओढ्यापलीकडचा तुकडा तिला चोळीबांगडीला दिला. आमच्याकडं लेकीला असं रान देतात, ते तोंडी. चार माणसांदेखत म्हणायचं, हे तुझं, की झालं. लेकीनं कागद मागितला तर ती वाटणी मागते असा अर्थ होतो, म्हणून ती मागत नाही. आक्कानं त्या तुकड्यातले दगड वेचून त्याचं रान केलं, दोन खोल्या बांधल्या, म्हशी धरल्या. शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या, त्यांत लातूरकडची कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. शिफ्ट सुटली की ती पोरं तिच्याकडं ताक प्यायला येतात.

वडील गेल्यावर तिनं हक्कसोड लिहून दिली. सगळ्याच बहिणी देतात, माहेर तुटू नये म्हणून. आत काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही, आणि चोळीबांगडीचा तुकडा त्यातून वगळावा हे मला सुचलं नाही. कचेरीतून येताना मी तिला चाकणच्या पेठेतून साडी घेतली, मोठा उपकार केल्यासारखी. पुढं घराची नोंद पंचायतीत तिच्या नावानं कर म्हणून ती दोनदा म्हणाली. करू की, घर कुठं पळून चाललंय, असं मीच म्हणालो होतो.

काही महिन्यांनी नवा नकाशा पंचायतीच्या फळ्यावर लागला. गावठाण वाचलं. लोकांनी नारळ फोडला, मला शाल घातली. ती शाल अंगावर असतानाच मी नकाशात आमचा गट शोधला. इतक्या वेगाच्या गाडीला चढ नको आणि वळणही नको म्हणे, म्हणून ती माळावर न जाता पायथ्यानं निघाली होती. रेघ आक्काच्या चुलीवरून गेली होती.

मी तसाच ओढा ओलांडून गेलो. आक्का म्हशींना पेंड कालवत होती. मी सांगितलं. तिनं विचारलं, घर धरून का. मी हो म्हणालो. गोठापण? हो. मग बराच वेळ ती पेंडच कालवत राहिली.

"तू लिवलंस व्हय?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं. तिनं हात धुतले आणि जेवून जा म्हणाली.

त्यानंतर मी वेड्यासारखे अर्ज खरडले. गावाच्या सह्या हव्या होत्या, तर ज्यांनी शाल घातली तेच मला बघून रस्ता बदलू लागले. शेवटी सरपंचांना गाठलं. ते म्हणाले, "भाऊ, नकाशा पुन्हा हलला तर तो गावठाणावरच येणार. माझ्या घरावर येऊ दे अशी सही मी कशी करू?" मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्यांचं काय चुकलं होतं?

तलाठ्यांनी कागद उलटसुलट पाहून सांगितलं की बाईंचं नाव कशातच नाही. आता एकच वाट, त्यांनी तुमच्याविरुद्ध हरकत घ्यावी, भाऊ माझी जमीन बळकावतो असं लिहून द्यावं, मग सरकारला त्यांना विचारात घ्यावं लागेल, बदली जागाही मागता येईल. मी आक्काला म्हणालो, घे हरकत, मीच लिहून देतो, तू फक्त अंगठा उठव. ती नाही म्हणाली. मी ओरडलो, पाया पडलो, रडलोसुद्धा. माझ्याकडं राहायला ये म्हणालो. तर म्हणाली, म्हशी तुझ्या माडीवर बांधू का.

मग मोजणीचा दिवस आला. यंत्रं घेऊन माणसं आली, रानात चुन्याच्या खुणा करत दारापर्यंत पोचली. साहेब वयानं लहान, बोलायला मऊ. घर कुणाचं, त्यांनी विचारलं. दुसऱ्या कुणाचा हक्क असेल तर आत्ताच सांगा, काका, तसं लिहितो, वाद लागेल, प्रकरण कोर्टात जाईल, पण नोंद राहील. नसेल तर सही करा. मी घरून ठरवून निघालो होतो, बहिणीचं घर आहे असं ठणकावून सांगायचं. तोंड उघडलं, तेवढ्यात आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"लिवा सायेब, घर ह्येचंच हाय," ती म्हणाली. "मी पाव्हणी. माहेरपणाला आलेय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सरकारी भाषा तोंडपाठ असलेला मी, मला साधं नाही म्हणता आलं नाही. खरं सांगू? क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. भावाबहिणीचा वाद नाही, कोर्ट नाही, गावात बोभाटा नाही. त्या क्षणाची मला आजही शिसारी येते.

साहेब पाणी प्यायले, त्यांनी तांब्या परत दिला, आणि सहज, माणसं पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, मुक्काम किती दिवस, आजी?

"तुमी उठवाल तवर," आक्का म्हणाली.

मी सही केली.